कपाटातला साठचा बल्ब

परवा स्टाफरूममधला बल्ब उडाला.

बाई आता बल्ब उडाल्याच्याही बातम्या द्यायला लागल्या, म्हणाल. पण हा छताला लटकणारा बल्ब नव्हे. हा लोखंडी कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, जूनपासून दसऱ्यापर्यंत दिवसरात्र जळत असतो. त्याच्या वरच्या कप्प्यात आमच्या शाळेचा प्रोजेक्टर, दोन स्पीकर, एक लॅपटॉप आणि वायरींचं गुंतवळ असा सगळा संसार उबेला बसलेला असतो. साठ वॅटचा, तारेचा, जुना बल्ब. एलईडी चालत नाही. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही आणि आम्हाला उजेड नकोच असतो.

कोकणातल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. आषाढात दाराआडच्या चपलांवर हिरवी साय धरते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, लग्नाच्या अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटून बसतात. त्यात आमची शाळा खाडीपासून चालत दहा मिनिटांवर, तेव्हा हवा नुसती ओली नाही, खारीसुद्धा. वायरीचं टोक महिनाभर उघडं राहिलं की पिना हिरव्या पडल्याच म्हणून समजा. २०१६च्या पावसाळ्यात आमच्या पहिल्या प्रोजेक्टरच्या भिंगाला आतून बुरशी लागली. भिंतीवर प्राणीपेशीचं चित्र पडलं ते कोळ्याच्या जाळ्यासकट. एका मुलीने ते तसंच्या तसं वहीत काढलं, जाळ्याला बाणही दाखवला आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं. तिला मी पूर्ण मार्क दिले. दिसलं ते काढलं, त्यात तिचं काय चुकलं?

त्यानंतर आमच्या शिपाईमामांनी ही बल्बाची युक्ती काढली. त्यांची आई सुके बोंबील आणि पापड चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायची. तत्त्व तेच, म्हणाले. तो प्रोजेक्टर गेला तो गेलाच, पण दुसरा आज आठ वर्षं टिकून आहे.

माझी ओळख थोडक्यात. दापोली तालुक्यात, आंजर्ले-केळशीच्या पट्ट्यात, एका संस्थेच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवते. २००१ साली लागले. आठवी ते दहावी मिळून यंदा ७१ मुलं. पट कमी झाला तशी शिक्षकांची पदं गेली, त्यामुळे गणित-विज्ञानाबरोबर शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, प्रोजेक्टर सांभाळणं आणि गॅदरिंगला माइक लावणं हेही माझ्याकडेच. 'तंत्रस्नेही शिक्षक' असा एक शब्द मध्यंतरी निघाला होता. आमच्या शाळेत तंत्रस्नेही म्हणजे ज्या बाईला पासवर्ड आठवतात ती.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण माझा भाचा. पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत आहे, ती शाळांसाठी अ‍ॅप बनवते. मे महिन्यात आंबे खायला आला होता. ओटीवर आमरसाची वाटी हातात घेऊन मला म्हणतो, "मावशी, खरी अडचण सांगू का? खेड्यातले शिक्षक बदलायलाच तयार नसतात. वस्तू आहेत, वापरत नाहीत. घाबरतात." मी त्याला दुसरी वाटी दिली आणि गप्प बसले. पाहुण्याशी भांडू नये. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण अर्धं खरं होतं. वस्तू आहेत आणि वापरल्या जात नाहीत, हे तर मी रोज बघते. ते घाबरतात या शब्दाशी येऊन अडलं.

मग मी आठवत बसले, की आमच्या शाळेत आजवर काय काय आलं आणि त्याचं काय काय झालं.

आधी दहा कॉम्प्युटर आले. एका योजनेतून, सोबत शिकवायला एक मुलगा, पाच वर्षांच्या करारावर. मुलगा हुशार होता, मुलं त्याच्यावर जीव टाकायची. त्या पाच वर्षांत लॅब रोज उघडायची. करार संपला, मुलगा मुंबईला गेला, आणि लॅबची किल्ली हेडसरांच्या कपाटात गेली. हेडसरांचंही चूक म्हणत नाही मी. दहा कॉम्प्युटर जडवस्तू नोंदवहीत त्यांच्या सहीने चढलेले. एक माउस हरवला तर उत्तर त्यांनी द्यायचं. माउस वापरून झिजला तरी उत्तर द्यायचं. न वापरता जागच्या जागी मेला, तर मात्र कुणी विचारत नाही. अशा हिशेबात कुठलाही शहाणा माणूस कुलूपच लावेल. मला लॅब हवी असली की अर्ज नाही, पण विचारायला जावं लागायचं. हेडसर मीटिंगला गेलेले असले की किल्लीही दापोलीला गेलेली. दोनदा मुलांना रांगेत व्हरांड्यातून नेऊन बंद दारावरून परत आणलं. तिसऱ्यांदा गेले नाही. याला घाबरणं म्हणायचं का?

त्या कॉम्प्युटरचा शेवट ३ जून २०२०ला झाला. निसर्ग वादळ. त्या दिवशीचं मी पुन्हा लिहीत नाही, आमच्याकडे प्रत्येक घरात ती गोष्ट आहे आणि प्रत्येकाची माडांची संख्या वेगळी आहे. शाळेची कौलं उडाली. लॉकडाउनमुळे शाळा मार्चपासूनच बंद होती, म्हणून मुलं वाचली असं सगळे म्हणत होते. चौथ्या दिवशी मी आणि मामा लॅबपाशी गेलो तर छप्पर गायब आणि दाराला कुलूप शाबूत. वर आभाळ उघडं, आणि किल्ली आणायला मामा हेडसरांच्या घरी निघालेले! अर्ध्या वाटेतून मीच त्यांना हाक मारून परत बोलावलं. आत सगळे सीपीयू पाण्याने भरलेले, एकातून गोगलगाय निघाली. सगळे व्हरांड्यात उन्हाला मांडले. तीन चालू झाले, पण दिवाळीपर्यंत तेही गेले.

आमच्या वाडीत लाईट यायला महिना उलटला. तोवर सगळीकडे ऑनलाइन तास सुरू झाले होते. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, चांगलं होतं, पण ते पहिली ते आठवीला, माझी नववी-दहावी बाहेर. दहावीच्या २६ मुलांपैकी ११ जणांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि त्या अकरातले चार फोन बापाबरोबर बोटीवर किंवा मुंबईत. उरलेल्या सातांना रेंज सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या उघड्या कातळाच्या माळावर. मुलं प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन सड्यावर बसायची. कातळावर पाणी वाहतंय, आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवर रासायनिक समीकरणं संतुलित करतेय.

त्या वर्षात सगळ्यात जास्त कामाला आलं ते आमच्या मराठीच्या सरांचं. सर तेव्हा निवृत्तीला दोन वर्षांवर. फोनवर हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच ओळखणारे. त्यांना कुणीतरी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचं शिकवलं. त्यांनी नववी-दहावीच्या सगळ्या कविता आपल्या आवाजात म्हणून पाठवल्या, मागे कोंबडा आरवतोय, मधेच काकू चहा ठेवतायत, "ठेव तिथे" हेही रेकॉर्ड झालेलं. दोन-तीन मिनिटांच्या फायली. रेंज एक काडी असली तरी उतरायच्या. मुलं रात्री अंथरुणात ऐकायची. एका आईने मला सांगितलं, की आमच्या सासूबाईंनापण पाठ झाल्यात. पुढे तालुक्याला ई-साहित्य निर्मितीचा कार्यक्रम झाला, तिथे हलत्या अक्षरांच्या आणि धबधब्याच्या आवाजाच्या व्हिडिओंना बक्षिसं होती. सरांनी काही पाठवलं नव्हतं. त्यांना ते ई-साहित्य आहे हेच माहीत नव्हतं.

आता पॅनल. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सामाजिक निधीतून, गावच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या ओळखीने, पासष्ट इंची टच पॅनल मिळाला. भिंतीवर बसवला, नारळ फोडला, चाकरमानी मंडळी गणपतीला आलेली होती त्यांनी सेल्फी काढले. पॅनल सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. बोटाने वर्तुळ काढलं तर आपोआप गोल करून देतो. माझा हात थरथरतो आताशा, मला तर तो फारच आवडला. पण तो आहे 'डिजिटल क्लासरूम'मध्ये, म्हणजे व्हरांड्याच्या पार टोकाला, जिथे पूर्वी लॅब होती. तास ३५ मिनिटांचा. मुलं हलवायला पाच मिनिटं. पॅनल सुरू व्हायला तीन. तो दर आठवड्याला स्वतःला अपडेट करायला मागतो आणि रेंज नसल्यामुळे रुसतो, ते मिटवायला दोन. लाईट गेली तर सगळंच गेलं, कारण शाळेचा इन्व्हर्टर ऑफिसपुरता. आणि वर चादर. समुद्राची हवा लागू नये म्हणून शिवणकामाच्या बाईंनी दोन जुन्या साड्यांचं अस्तराचं पांघरूण शिवलंय, मागे नाड्या. ते सोडायला एक मिनिट, बांधायला दोन, कारण त्यांच्यासारखी गाठ दुसऱ्या कुणाला मारता येत नाही.

गेल्या प्रथम सत्रात मी पॅनल चार वेळा वापरला. त्यातले दोन वेळा फोटोसाठी. वापराचा फोटो पाठवावा लागतो. त्या फोटोत मुलं अशी काही टक लावून बघतायत! पॅनलवर त्या वेळी पॅनलचंच नाव होतं, कारण तो सुरू होत होता.

तर चार वेळा. आणि तो बल्बाच्या उबेतला आठ वर्षं जुना, रंग उडालेला, पंख्यासारखा घरघरणारा प्रोजेक्टर? तो मी आठवड्यातून दोनदा-तीनदा वापरते. त्याच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. कुणालाही विचारत नाही. टिपॉयवर घेऊन वर्गात जाते, मामा खिडकीला गणपतीतल्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स उलटा करून लावतात (काळोख करायला फ्लेक्ससारखी वस्तू नाही, पुढाऱ्यांचे चेहरे बाहेर, काळोख आत), आणि चुना लावलेल्या भिंतीवर चित्र पडतं. दीड मिनिट.

भाच्याने एक काम मात्र फार चांगलं केलं, त्याचं श्रेय त्याला. दोन वर्षांपूर्वी येताना पेनड्राइव्हवर फेटची सिम्युलेशन्स घेऊन आला. फेट म्हणजे अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाने तयार केलेले विज्ञान-गणिताचे फुकट प्रयोग. कार्ल वीमन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली हा प्रकल्प सुरू केला, त्याला आदल्याच वर्षी नोबेल मिळालं होतं. बरीचशी मराठीत आहेत. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट, फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. लॅपटॉपवर दोनदा टिचकी मारली की उघडते. ना लॉगिन, ना ओटीपी. हल्ली मला कुठलीही वस्तू आवडते की नाही हे ती ओटीपी मागते की नाही यावर ठरतं.

त्यातलं विद्युत परिपथाचं मुलांना वेड. पडद्यावर सेल, वायर, बल्ब ओढून जोडायचे. थेट वायरने सेलची दोन टोकं जोडली की सेलला ज्वाळा लागतात. नववीची पोरं अर्थातच दुसऱ्या मिनिटाला तिथे पोचली. मग एकाने विचारलं, "मॅडम, आपला खराखुरा सेल असा पेटेल?" खरं म्हणजे इथून पुढे शिकवणं सुरू होतं. टेबलावर टॉर्चचा सेल, तांब्याची वायर, आणि प्रत्येकाने टोकं जोडून मोजायचं, किती आकड्यांत बोट भाजतं. पेटला नाही. तापला मात्र, दहा मोजेपर्यंत वायर हातातून टाकली सगळ्यांनी. "म्हणजे कॉम्प्युटर खोटं सांगतो?" खोटं नाही, वाढवून सांगतो. का वाढवून सांगतो, आपल्या सेलच्या आत कोण अडवतंय, यावर तो अख्खा तास गेला आणि पुढचा अर्धा. टाचणात 'धाराविद्युत, घटक दोन' एवढंच लिहिलं होतं. आणि कुणी हा प्रयोग घरी करणार असेल तर साध्या टॉर्चच्या सेलवरच करा. मोबाइलची बॅटरी, इन्व्हर्टरची बॅटरी या वाटेला जाऊ नका, त्या खरंच पेटतात. मी मुलांना हे तीनदा म्हणायला लावलं होतं.

पण गेल्या वर्षीचा सगळ्यात चांगला तास हा नव्हे. तो सोनारचा.

नववीला 'ध्वनीचा अभ्यास' या धड्यात सोनार येतं. जहाजातून पाण्यात ध्वनी सोडायचा, तळावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, त्यावरून खोली काढायची. मी फळ्यावर गणित घातलं: ध्वनी ०.०४ सेकंदांनी परत आला, समुद्राच्या पाण्यातला वेग सेकंदाला १५०० मीटर धरा, खोली किती? वीस वर्षं बघतेय, निम्मा वर्ग ६० मीटर सांगतो. गुणाकार करतात आणि पेन खाली ठेवतात. दोनाने भागायचं राहतं. मी दरवर्षी घसा फोडून सांगते, जाण्याचा आणि येण्याचा, जाण्याचा आणि येण्याचा. दरवर्षी साठ.

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. बाप हर्णै बंदरातल्या बोटीवर. हा स्वतः सुट्टीत बोटीवर जातो, १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की त्याची हजेरी पातळ होते. वर्गात बोलत नाही. तो म्हणाला, "तीस." मी म्हटलं, कसं? तर म्हणतो, "तीस मीटर म्हणजे सोळा वाव नि वर थोडं. सोळा वाव पाणी बरोबर वाटतंय. साठ मीटर म्हणजे तेत्तीस वाव होईल, तेवढ्यासाठी लय बाहेर जायला लागतंय मॅडम."

वर्ग गप्प. वाव म्हणजे काय हे अर्ध्या वर्गाला माहीत होतं, मलाच नीट माहीत नव्हतं. त्याने उठून दोन्ही हात आडवे ताणून दाखवले. इकडच्या बोटापासून तिकडच्या बोटापर्यंत एक वाव, साधारण सहा फूट. पूर्वी दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचे आणि दोरी वर ओढताना अशी हातांनी मोजायचे. आणि आता? "आता फिशफाइंडर हाय ना बोटीवर."

दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन आला. शाळेत फोन आणायला बंदी आहे, मी त्याला ऑफिसच्या मागून आत घेतलं. बापाच्या बोटीवरच्या फिशफाइंडरच्या पडद्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. लॅपटॉपवर घेऊन तो भिंतीवर टाकला. निळा पडदा, खाली जाड लाल पट्टा, तो उजवीकडून डावीकडे सरकतोय. बोटीच्या इंजिनाची धडधड. तो भिंतीशी उभा राहिला, लाकडी पट्टी हातात, आणि शिकवायला लागला. हा लाल म्हणजे तळ. कडक खडक असला की लाल जाड, चिखल असला की फिकट पसरट. मधे हे डाग दिसतात ती मासळी. वरच्या अंगाला ही ठिपक्यांची रेघ, ती लाटांची नि बुडबुड्यांची, तिच्याकडे बघायचं नाही. मी मधे एवढंच विचारलं, मासा तर मऊ, मग आवाज परत कसा येतो? त्याला ठाऊक नव्हतं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने मासा साफ करताना पोटात निघणारी हवेची पिशवी आठवली. पाणी आणि हवा यांच्या हद्दीवर ध्वनी जोरात उलटतो, हे तेव्हा मी सांगितलं, माझं त्या तासातलं तेवढंच काम.

घटक चाचणीत ते गणित पुन्हा घातलं. २३ पैकी २० जणांनी दोनाने भागलं. दोघांनी उत्तर वावांत लिहिलं. एकाचं साठच आलं, तो त्या दिवशी गैरहजर होता.

भाच्याला हे फोनवर सांगितलं तर तो खूश झाला, "म्हणजे व्हिडिओ कंटेंट चालतो!" मी म्हटलं, हो रे बाबा, चालतो. फोन ठेवल्यावर वाटलं, त्याला मी काही सांगूच शकले नाही. तोच सोनारचा एक रंगीत, निवेदनासह, संगीतासह व्हिडिओ माझ्याकडे आधीपासून होता. २०१८ला दहावीचं नवं पुस्तक आलं तेव्हापासून पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचं साहित्य मी शनिवारी सड्यावर जाऊन उतरवून ठेवते. त्याच नादात हाही कुठूनतरी मिळवला होता. दरवर्षी दाखवत होते. त्यात जहाज होतं, पाणबुडी होती, बाण खाली जाऊन वर येत होते. मुलं बघायची आणि साठ लिहायची.

प्रशिक्षणांबद्दल फार लिहीत नाही. वेळेवर चहा मिळतो. मोठ्या हॉलमध्ये ऐंशी शिक्षक, पुढे एक जण स्लाइड दाखवतोय, आणि ऐंशी जण आपापल्या फोनवर त्या स्लाइडचे फोटो काढतायत. कुणाच्याही हातात यंत्र येत नाही. मला जे येतं ते एकतर भाच्याने शिकवलं, नाहीतर पलीकडच्या गावातल्या गणिताच्या बाईंनी एसटी स्टँडवर उभ्या उभ्या. जिओजेब्रा, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढून हलवून बघायचं अ‍ॅप, त्यांनीच शिकवलं, दापोली-केळशी गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती म्हणून. स्पर्शिकेचा बिंदू बोटाने सरकवला तरी त्रिज्येशी कोन ९०चा ९०च राहतो, ते बघून आम्ही दोघी स्टँडवर हसलो. लोक बघायला लागले.

त्याच बाई मला म्हणाल्या होत्या, की हे मुलांना दाखवा, पण बोर्डाला कंपासच लागतो, विसरू नका. त्या चुकीचं नव्हत्या सांगत. दहावीच्या निकालात आमचा कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो आणि तो येतो वहीवर, खडूवर, ज्यादा तासांवर. जिओजेब्रावर सरकवून पटलेल्या प्रमेयाची सिद्धता लिहायला सांगितली तर "दिसतंय की मॅडम" असं उत्तर मिळतं. दिसतंय म्हणून लिहायचं नाही, हे समजावणं आता माझं नवं काम झालंय. जुने शिक्षक पडदा नको म्हणतात त्यात नुसती भीती नसते, हेही भाच्याला सांगायचं राहिलं.

आणि फोन. आमचे फोन दिवसभर हातात असतात, हे खरं. येणारा-जाणारा म्हणतो, शिक्षक वर्गात मोबाइल बघत बसतात. बसतो. गेल्या मंगळवारी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात ग्रुपवर पाच निरोप आले, पाचही अत्यंत तातडीचे. एक लिंक मुलांच्या आधारची, एक जुनीच माहिती नव्या तक्त्यात, एक शौचालयांची संख्या (गेल्या महिन्यात दिली होती, त्यानंतर एकही वाढलं नाही), एक कसल्याशा शपथेचा फोटो, आणि एक वृक्षलागवडीचा, त्यावर अक्षांश-रेखांश आलेच पाहिजेत. आकाशाखाली फोन धरून उपग्रह सापडेपर्यंत मी आणि आठवीची सहा मुलं एका आवळ्याच्या रोपाभोवती छत्र्या घेऊन उभे. शेवटी फोटोवर आकडे आले, १७.८ उत्तर, ७३.१ पूर्व. भूगोलाच्या सरांनी तो फोटो मागून घेतला आणि पृथ्वीच्या गोलावर मुलांना शाळा शोधायला लावली. मुलांनी बोट ठेवलं ते मुंबईच्या जरा खाली. त्या दिवशीच्या पाच लिंकांमधून मुलांच्या पदरात एवढं पडलं, म्हटलं तर पुष्कळच.

तर परवा बल्ब उडाला. आषाढ भरात, तीन दिवस संततधार. पहिल्या रात्री तांदळाची पुरचुंडी आणि बुटांच्या खोक्यांतल्या त्या छोट्या पुड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एसटीने दापोलीला गेले. पहिल्या दुकानात साठचा बल्ब म्हटल्यावर मुलगा हसला. दुसऱ्याने एलईडीच्या फायद्यांवर पाच मिनिटं घेतली, वीज किती वाचते वगैरे. बरोबरच होतं त्याचं, मी हेच आठवीला शिकवते. तिसऱ्या, बाजारपेठेच्या कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानात म्हातारे मालक स्वतः बसले होते. काही न बोलता शिडी लावली, वरच्या फळीवरून धुळीने माखलेला खोका काढला, फुंकर मारली, एकेक बल्ब होल्डरला लावून बघितला. चारातले दोन लागले.

"किती पिल्लं हायत बाई?" बल्ब कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं.

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, की आता हे बल्ब फक्त कोंबडीची पिल्लं उबवायलाच नेतात.

म्हटलं, "एकाहत्तर."

"एकाहत्तरांना दोन पुरायचे नाहीत," ते म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात आणखी मागवून ठेवतो म्हणून माझा नंबर लिहून घेतला.